जावईबापूंनी घासलेली परात

मी परात आहे. तांब्याची, जुनी, आणि एका बाजूला किंचित बसकी. वय विचारू नका. बाईला आणि भांड्याला वय विचारू नये. एवढंच सांगते, ज्या तांबटाने मला घडवलं, त्याच्या नातवालाही आता चाळिशी लागली आहे.

मित्रांनो, मी एका स्वस्तातल्या काश्मिरी खानावळीत राहते. तुम्ही आमच्या गल्लीतून कितीदा गेला असाल, पण खानावळ तुमच्या नजरेत भरली नसेल. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला सायकली दुरुस्त करणारा, आणि मधे आमचं अरुंद दार. पाटीवर 'काश्मिरी करी' असं लिहिलंय, पण 'काश्मिरी' उन्हाने इतकं पुसट झालंय की लांबून नुसती 'करी'च दिसते. आत मोजकी टेबलं, लाकडी बाकं, मधोमध एक जाडजूड खांब आणि हात धुवायला एक बेसिन, ज्याचा नळ उघडला की म्हातारा माणूस उठल्यासारखा कण्हतो. थाटमाट काही नाही. पण मटण शिजायला लागलं की सायकलवाल्याकडे पंक्चर काढायला आलेला माणूससुद्धा नाक वर करून उभा राहतो. बडीशेप आणि सुंठीचा तो वास. आमच्या करीचा रंग लालभडक असतो, तिखट मात्र बेताचं. नवीन माणूस रंग बघून आधी पाणी मागवतो, आणि पहिल्या घासानंतर स्वतःशीच हसतो. हे मी जन्मभर बघत आले, तरी मला दर वेळी गंमत वाटते.

आम्ही सहा बहिणी. वस्तादांच्या वडिलांनी खानावळ उघडली, तेव्हा तांबटाच्या दुकानात स्वतः ठाण मांडून बसून त्यांनी आम्हाला घडवून घेतलं. वस्ताद म्हणजे आमचे आताचे मालक आणि आचारीही तेच. मी आधी नुसता सपाट पत्रा होते. मग काय ठोके खाल्ले म्हणून सांगू! तांबट बोलका होता. ठोकता ठोकता माझ्याशी बोलायचा, "ओरडू नकोस गं बये. काठ आला की संसार आला. काठ नसला तर रस्सा पळून जाईल." मग त्याने माझ्या काठावर पानांची नक्षी कोरली, आणि शेवटी मला कल्हई लावली.

कल्हई म्हणजे काय, ते आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच झालं. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. चव कडवट, विचित्र होते, कधी हिरवट रंग चढतो, आणि जास्त पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई. नवीन असते तेव्हा चांदीसारखी चकचकते. मग वापरून वापरून राखाडी आणि मंद दिसायला लागते. पण मंद दिसली तरी ती आपलं काम करत असते. माझ्या लेखी ती राखाडी कल्हई म्हणजे माझं नेसतं लुगडं. धुवट झालं म्हणून कुणी लुगडं फेडून टाकत नाही.

आमच्याकडे जेवायची रीत वेगळी आहे. एका परातीत चौघांनी जेवायचं. आधी परातभर भात पसरायचा, त्यावर करी वाढायची, आणि ज्याने त्याने आपल्यासमोरचा कोपरा खायचा. गोल परातीला कोपरा कुठला, असं विचारू नका. भुकेल्या माणसाला आपला कोपरा बरोबर कळतो. चौघे जमल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही, आणि तो घ्यायचा तो वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाने. एकटा माणूस आला, तर त्याला आणखी तीन एकट्यांबरोबर बसवायचं. ज्याला वेगळं ताट हवं, त्याला ते मिळतं. पण परातीत बसलं की खिशाला परवडतं आणि जेवताना बोलायला माणूसही मिळतं.

मध्यंतरी एक वाईट काळ आला. लोकांना दुसऱ्याच्या परातीत हात घालायचा संकोच वाटायला लागला. वस्तादांनी स्टीलची ताटं आणली आणि आम्हा सहाजणींना माळ्यावर चढवलं. माळ्यावर काय असतं? धूळ, तुटकी खुर्ची आणि पाली. खाली ताटांचा खणखणाट ऐकू यायचा आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायची. शेवटी शिंपीकाकांनी आम्हाला सोडवलं. हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं दुकान. एक दिवस ते वस्तादांना म्हणाले, "वेगळ्या ताटात घरीही एकटाच जेवतो हो मी. मग इथे कशाला येऊ?" दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरून खाली.

शिंपीकाकांच्या परातीचे बाकीचे तिघे ठरलेले. एक टेम्पोवाला, जो जेवतानाही हातवारे करून रस्ता सांगतो. एक झेरॉक्सवाला, जो कुठलीही गोष्ट दोनदा बोलल्याशिवाय राहत नाही. आणि जवळच्या दवाखान्यातल्या नर्सताई, ज्यांची ड्यूटी कधीच वेळेवर सुटत नाही. चौघांची एकमेकांशी ओळख माझ्याच काठावर झाली. आता टेम्पोवाल्याच्या मुलीचं कुठे दुखलं खुपलं तर फोन नर्सताईंना जातो, आणि नर्सताईंच्या साडीचे फॉल शिंपीकाका लावतात. तर ते असो. जावईबापूंकडे वळते.

वस्तादांना एकच लेक. वस्तादांची बायको लवकर गेली, तेव्हा ही पोर इथेच, भाताच्या पातेल्याशेजारी मोठी झाली. भात पसरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिचं लग्न झालं ते एका पॉलिशवाल्याशी. तो फर्निचरच्या दुकानात लाकडाला पॉलिश करायचा. पुढे ते दुकान बंद पडलं. लेक म्हणाली, "बाबांना मदतीला माणूस हवंच आहे, चल तिथे." आणि जावईबापू आमच्या खानावळीत आले.

आता सासऱ्याच्या खानावळीत जावई भांडी विसळतोय, हे दृश्य वस्तादांना पेलवेना. तसा माणूस मायाळू, पण जुन्या वळणाचा. जावयाला काम सांगायचं कसं? जावई म्हणजे मानाचा माणूस! त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. ते खांबाशी बोलायला लागले. लेकी बोले सुने लागे तसलाच प्रकार. खांबाकडे बघून म्हणायचे, "आज भात जरा गिचका झालाय बुवा." किंवा, "कोळसा आणायला हवा कुणीतरी." आणि शेजारी उभे असलेले जावईबापू निमूटपणे कोळसा आणायला जायचे. थेट बोलायची वेळ आलीच तर, "जावईबापू, आपण बसा, दमला असाल." झालं! माणूस कामाला आलाय आणि त्याला बसा म्हणतात. बसून बसून तो बिचारा दमायचा.

जेवायची वेळ झाली की वस्ताद, लेक आणि दोघे वाढपी एका परातीला बसायचे, आणि जावईबापूंना पाट, वेगळं ताट, वाटीत जास्तीचं मटण. गिऱ्हाइकं म्हणायची, "चैन आहे बुवा जावयाची!" मला नाही तसं वाटायचं. तो भरलेली वाटी खाली ठेवून आमच्या परातीकडे बघत असायचा, ते मी बघितलंय.

एकदा दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर नवराबायको बेसिनपाशी मला विसळत होते, तेव्हा जे बोलणं झालं त्याने माझ्या काळजात धस्स झालं.

"तुझे बाबा माझ्याशी बोलतात की खांबाशी, हेच मला वर्षभर कळलं नाही," तो म्हणाला.

"मान देतात रे तुला."

"मान पाहुण्याला देतात. मला नको मान. फर्निचरच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. लांब आहे, पण काम माझं आहे. महिनाअखेर निघू या."

तिने मला नळाखाली धरलं. नळ तेवढा कण्हत होता. मग म्हणाली, "आणि बाबा? त्यांचा कोपर बघतोस ना? मोठं पातेलं उतरवता येत नाही त्यांना आता. आपण गेलो की खानावळ गेलीच समज."

"त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, राहा. जन्मभर राहीन."

"नाही म्हणायचे ते. जावयाला अडवणं म्हणजे त्याच्या पायात बेडी घालणं वाटतं त्यांना."

बघा, मित्रांनो. एकाला वाटतं मी नकोसा आहे, दुसऱ्याला वाटतं आपण मोकळीक देतोय. आणि या दोघांच्या मोठेपणात आमची चूल विझणार होती, आम्ही सहाजणी भंगारवाल्याच्या काट्यावर जाणार होतो.

त्याच आठवड्यात वस्ताद मला उलटसुलट करून बघत खांबाला म्हणाले, "पराती अगदी काळवंडल्या. एकदा बघायला पाहिजे त्यांच्याकडे." त्यांच्या मनात होतं ते कल्हईचं. आधी दर काही महिन्यांनी कल्हईवाला यायचा. तो यायचा बंद झाल्यापासून वस्ताद स्वतःच मागच्या अंगणात भट्टी पेटवून कल्हई लावायचे. वडिलांकडून शिकलेली विद्या ती. पण यंदा कोपराने दगा दिला, आणि काम पुढे पुढे जात राहिलं. आमच्या अंगावरचं कथील झिजून साडीच्या जुन्या पदरासारखं विरलं होतं. हे सगळं खांबाला माहीत होतं, मला माहीत होतं. जावईबापूंना कुठून माहीत असणार? त्यांनी एवढंच ऐकलं की पराती काळवंडल्या, बघायला पाहिजे. आणि त्यांना वाटलं, हे काम आपण करू शकतो! एक तरी काम वस्तादांच्या मनासारखं करून दाखवू, मग बघू काय म्हणतात ते.

नेमकी लेक तेव्हा सासरी गेलेली. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती असती तर पुढचं टळलं असतं. खानावळीच्या सुट्टीच्या दिवशी जावईबापूंनी एकट्याने कुलूप उघडलं, आम्हाला अंगणात मांडलं, आणि पिशवीतून पॉलिश पेपर काढला. पॉलिशवाल्याच्या हाताला एकच शिकवण असते, जुना मळका थर पुरता काढल्याशिवाय खरी चकाकी वर येत नाही. लाकडाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं असेल. पण मी लाकूड नाही हो!

पहिला हात फिरला तेव्हाच मी ओरडले. पण परातीचं ओरडणं म्हणजे खणखणाट. त्यांना वाटलं, धातू कसा छान वाजतोय. आणि खरं सांगू? हात वाईट नव्हता. एवढ्या मायेने, एवढ्या सारखेपणाने मला कुणी घासलं नव्हतं. गोल गोल, न थांबता, काठाच्या पानांना धक्का न लावता. कपाळावरचा घाम दंडाला पुसत ते गुणगुणत होते. राखाडी थर निघत गेला आणि खालचं लालबुंद तांबं वर आलं. संध्याकाळी आम्ही सहाजणी भिंतीशी ओळीने उभ्या होतो, नव्या नवरीसारख्या लखलखीत, आणि आतून पार उघड्या. माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या दिवसाची दुपार आली. त्या दिवशी खानावळीत दह्यातलं मटण असतं. दही! पण सांगणार कुणाला आणि कसं?

दुसऱ्या दिवशी जावईबापू सगळ्यांच्या आधी हजर. वस्तादांना एकदम थक्क करायचं म्हणून त्यांनी आम्हाला फडक्याखाली झाकून ठेवलं, आणि भात तयार झाल्यावर स्वतःच सगळ्या परातींत पसरला. वस्ताद आले ते थेट चुलीपाशी. त्यांनी पातेल्यातून दह्यातलं मटण घेतलं आणि भातावर वाढलं. भाताखाली काय आहे, ते त्यांना दिसलंच नाही. जावईबापू मनात म्हणत असणार, जेवण संपू दे, रिकामी परात चमकली की मग बघा! मी मात्र तळाशी भाजत होते. गरम आंबट रस भातातून झिरपत माझ्यापर्यंत आला.

मला शिंपीकाकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. टेम्पोवाला आला होता, झेरॉक्सवालाही. नर्सताईंचा पत्ता नाही. चौघे जमल्याशिवाय हात घालायचा नाही, म्हणून तिघे बोलत बसले. टेम्पोवाला कुठल्याशा खड्ड्याचं वर्णन करत होता. रीत म्हणून ते थांबले होते, आणि माझ्या पोटात ते दही तांब्याशी भांडत होतं. जितका उशीर, तितकं विष. पलीकडच्या टेबलावर माझी एक बहीण होती, आणि तिच्याभोवती आईबाप, आजी आणि एक छोटी मुलगी. तिथे चौघं आयतीच जमलेली. त्या आजीने डोळ्यांना चष्मा लावून, मटणाचा मऊ तुकडा शोधायला सुरुवात केली होती, आणि छोटीने रीत न जुमानता दोन घास घेतलेही होते.

नर्सताई धापा टाकत आल्या. "सॉरी सॉरी, सुरू करा!" शिंपीकाकांनी पहिला घास घेतला. जावईबापू खांबाला टेकून बघत होते. काका चावायचे थांबले. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. घास त्यांनी रुमालात काढला आणि दुसरा हात परातीवर आडवा धरला.

"कुणी खाऊ नका," ते हळूच म्हणाले. "वस्ताद, जरा इकडे येता का?"

वस्ताद हात पुसत आले. काकांनी बोटाने भात बाजूला केला. खाली माझं लालभडक अंग, आणि त्यावर हिरवट ओघळ. वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी ते वळले आणि पलीकडच्या टेबलावरून, आजीच्या हातातला घास तोंडाशी जात असताना, त्यांनी परातच ओढून घेतली. "नका खाऊ! कुणीच खाऊ नका! सगळ्या पराती परत आणा!"

एकच गोंधळ उडाला. मुलीचा बाप उठून उभा राहिला. "काय चाललंय काय? पोरीने दोन घास खाल्ले! काय घातलंय त्यात?" नर्सताई धावल्या, मुलीला जवळ घेतलं, पाणी पाजलं. म्हणाल्या, "दोन घासांनी काही होत नाही, घाबरू नका. मळमळलं तर मला फोन करा, मी इथेच पलीकडे असते." आजी मात्र शांत होती. तिने परातीत डोकावून बघितलं आणि मान हलवली, "कल्हई नाही गं बाई."

"हे कुणी केलं?" मुलीच्या बापाने विचारलं.

खांबापाशी जावईबापू उभे होते. त्यांना अजून नीटसं कळलं नव्हतं, पण आपलं काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! कालचा सगळा आनंद त्यांच्या तोंडावरून पुसून गेला होता. ते पुढे आले. "मी घासल्या," म्हणाले. "मला वाटलं, तो मळ आहे."

आता मित्रांनो, त्या वेळी वस्ताद काहीही म्हणू शकले असते. 'नवीन आहे, कळत नाही त्याला', एवढं म्हटलं असतं तरी गिऱ्हाइकं समजली असती, खानावळीचं नाव वाचलं असतं. जावयाचं काय, तो महिनाअखेर निघालाच होता. मला वाटलं, आता म्हणतात.

वस्ताद मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "घासल्या यांनी. पण कल्हई कशाला म्हणतात, ते यांना सांगायचं कुणी? मी. वर्षभर हा माणूस माझ्या शेजारी उभा आहे आणि मी खांबाशी बोलतोय. सांगितलं असतं तर शिकला असता. हात यांचे आहेत, चूक माझी आहे. आज जेवण मिळणार नाही. मला माफ करा आणि दोन दिवसांनी या."

काही जण पुटपुटत निघून गेले. मुलीचा बाप जाताना म्हणाला, "आम्ही तरी नाही येणार पुन्हा." त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजीने मात्र दारातून मागे वळून वस्तादांकडे बघत हात जोडले. शिंपीकाका, नर्सताई, टेम्पोवाला आणि झेरॉक्सवाला उपाशीच उठले. झेरॉक्सवाला दोनदा म्हणाला, "होतं असं कधी. होतं असं."

इकडे जावईबापूंनी एप्रन काढून खुंटीला अडकवला होता आणि ते मागच्या दाराने अंगणात उतरले होते. त्यांची पाठ बघूनच कळत होतं, आता महिनाअखेरीचीही वाट बघणार नाहीत. वस्तादांच्या ते लक्षात आलं. ते आतून बाहेर धावले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पहिल्यांदा बघितलं.

"अरे ए! कुठे निघालास?"

जावईबापू दचकून थांबले.

"सहाच्या सहा पराती उघड्या करून ठेवल्यास आणि निघालास? कल्हई आता कोण लावणार? हा खांब? का माझा मेलेला बाप येणार आहे वरून?"

"मला येत नाही," जावईबापू मान खाली घालून म्हणाले.

"येत नाही तर शीक! मला तरी काय आईच्या पोटातून येत होती? मूर्खा, वर्षभर विचारलं का नाहीस मला?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

दोघांच्याही छातीचा भाता चालू होता. मग वस्तादांनी माझ्याकडे, माझ्या लाल अंगाकडे वाकून बघितलं. तळहात फिरवला. पुन्हा फिरवला.

"घासलंयस मात्र बेष्ट," ते कुरकुरत म्हणाले. "कल्हईच्या आधी भांडं असंच घासावं लागतं, पार तांबं दिसेपर्यंत. मला जन्मात एवढं साफ जमलं नाही. फक्त त्यापुढे कल्हई लावायची असते, भात नाही!"

जावईबापूंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि मग दोघांनाही ते आवरेना. आमच्या भाषेत सांगायचं तर जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं मीच होते.

त्यांनी आधी आम्हाला चिंच-मिठाने चोळून स्वच्छ केलं. मग अंगणात खड्डा करून भट्टी पेटवली. वस्ताद विटेवर बसून हुकूम सोडत होते आणि जावईबापू माझा काठ सांडशीत धरून मला निखाऱ्यावर फिरवत होते. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर होतो. मग कथलाची कांडी टेकवायची, ती वितळते, आणि ते वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरायचं. सगळं कसब त्या बोळ्यात आहे. हात रेंगाळला की गोळा होतो, घाई केली की डाग राहतो. आणि मित्रांनो, लाकडाला पॉलिश करणारा माणूस जन्मभर करतो काय? बोळाच फिरवतो! पहिल्या परातीला थोडे डाग राहिले. दुसरी मी. कापसाचा बोळा माझ्या अंगावरून एकदाच गोल फिरला आणि मी चांदीची झाले. वस्तादांनी मला उजेडात धरलं आणि डोळे बारीक केले. मग मला सायकलवाल्याकडे घेऊन गेले आणि त्याला दाखवत म्हणाले, "बघ! माझ्या जावयाने केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक परत आली. वाटेतच कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती जवळजवळ पळतच आली. अंगणातून बापाचा आणि नवऱ्याचा चढलेला आवाज ऐकून ती दारातच थबकली.

"अरे गाढवा, कापूस कोरडा हवा, किती वेळा सांगू!"

"कोरडाच आहे! तुम्हीच मघाशी ओल्या हाताने धरलात!"

"मला शिकवतोस?"

"मग काय खांबाला शिकवू?"

तिने हातातली पिशवी उंबऱ्यावर ठेवली. दोघांची तोंडं काजळीने माखली होती, कोण सासरा आणि कोण जावई ते ओळखू येत नव्हतं. ती पायरीवर बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला म्हणाली, "मग? कारखान्याला काय कळवायचं?"

त्याने वर बघितलंही नाही. "वेळ कुणाला आहे? अजून दोन पराती राहिल्यात," तो म्हणाला.

वस्तादांच्या हातातून कथलाची कांडी निसटली. कसला कारखाना, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग जावयाकडे. मग खाली वाकून कांडी उचलली, आणि बराच वेळ तिच्यावरची माती पुसत राहिले. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "राहा बाबा. मला एकट्याला नाही झेपत आता."

बस, एवढंच. मी अंगणाच्या भिंतीशी उन्हात उभी होते आणि माझ्या अंगात ते तिघेही दिसत होते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी तुमच्याही घरी असतील. ती आवडीने वापरा, पण घासायच्या आधी कुणा जाणत्याला विचारा. आणि तुमच्या घरात नवीन माणूस आला, वहिनी असो, जावई असो, की कामावरचा नवा माणूस असो, तर त्याला पाटावर बसवून गप्प राहू नका. आपली रीत त्याला सांगा. चुकला तर रागवा, आणि त्यानेही रागावून विचारलं तर ऐकून घ्या. त्या सुट्टीच्या दिवशी माझ्या अंगावर पॉलिश पेपर फिरत असताना मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडले परात. मला तोंड नाही. तुम्हाला आहे ना? मग बोला.